वाढत्या वयातील मुलांचा रक्तदाब : शिक्षकांसाठी अभ्यासपाठ

प्रास्ताविक

वर्गातील मुलाला ताप आला तर अंगाला हात लावताच कळते. खरूज झाली तर ती डोळ्यांना दिसते. दृष्टी अधू असेल तर फळ्यावरील अक्षर वाचताना मूल डोळे बारीक करते आणि शिक्षकाच्या ते ध्यानात येते. वाढलेल्या रक्तदाबाचे मात्र तसे नाही. तो बहुधा दुखत नाही, खुपत नाही आणि चेहऱ्यावरही दिसत नाही. मूल खेळते, जेवते, पाढे म्हणते, आणि वाढलेला दाब आपले काम मुकाट्याने करीत राहतो. तो आहे की नाही हे जाणण्याचा मार्ग एकच, आणि तो म्हणजे मोजणे.

रक्तदाब हा म्हाताऱ्या माणसांचा किंवा शहरातील सुखवस्तू माणसांचा विकार होय, असा समज खेड्यापाड्यांत अजून पुष्कळ ठिकाणी आहे. तो बरोबर नाही. २०१६ ते २०१८ या काळात केंद्र शासनाने केलेल्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींचा रक्तदाबही मोजण्यात आला. तेव्हा शंभरांपैकी सुमारे पाच जणांचा दाब उच्च रक्तदाबाच्या मर्यादेत आढळला. अशा सर्वेक्षणातील मोजणी एकाच भेटीत होत असल्याने ते पक्के निदान नव्हे, हे ध्यानी घ्यावे. तरीही चाळीस मुलांच्या वर्गात सरासरीने दोन मुले अशी निघू शकतात, एवढा बोध त्यातून निश्चित होतो. ही दोन मुले कोणती, हे डॉक्टरांच्या आधी शिक्षकाला सुचू शकते. ते कसे, हे सांगणे हा प्रस्तुत पाठाचा हेतू आहे.

रक्तदाब म्हणजे काय

पिकाला पाणी देताना रबरी नळीचे तोंड बोटाने थोडे दाबले की पाण्याची धार जोराने उडते आणि नळीच्या भिंतीवर ताण येतो. शरीरातही हृदय हा पंप आणि रोहिण्या या नळ्या होत. हृदय आकुंचन पावते त्या क्षणी रक्ताचा दाब सर्वांत अधिक असतो. हा वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल पडते तेव्हा दाब उतरतो. हा खालचा आकडा. दोन्ही आकडे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये सांगतात. ‘एकशे दहा, सत्तर’ असे डॉक्टर म्हणतात ते हेच. दंडाला हवेचा पट्टा बांधून पाऱ्याच्या साहाय्याने दाब मोजण्याची युक्ती इटलीतील रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये काढली. पट्टा सैल होत असताना रोहिणीतून येणारे आवाज ऐकून दोन्ही आकडे वाचण्याची रीत रशियातील कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये दाखवून दिली. आजही तपासणीचे मूळ तत्त्व तेच आहे.

दाब वर्षानुवर्षे अधिक राहिला म्हणजे रोहिण्यांच्या भिंती जाड व ताठर होतात, हृदयाच्या स्नायूवर अधिक भार पडतो आणि मूत्रपिंडे व मेंदू यांतील बारीक वाहिन्यांना इजा पोहोचते. गावात चाळिशी-पंचेचाळिशीचा कर्ता पुरुष एके दिवशी सकाळी उठतो तो एक बाजू लुळी पडलेला. लोक म्हणतात, ‘काल तर धडधाकट होता.’ पुष्कळदा तो काल धडधाकट नसतो. त्याचा दाब कोणी मोजलेला नसतो, इतकेच.

मुलांच्या बाबतीत आकडा कसा वाचावा

वाढत्या वयात रक्तदाब वयानुसार व उंचीनुसार हळूहळू वाढत जातो. म्हणून लहान मुलाला प्रौढांची मर्यादा लावणे चुकीचे होय. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ साली जी मर्यादा सांगितली ती समजण्यास सोपी आहे. तिच्यानुसार १३ वर्षे व त्यापुढील मुलामुलींत वरचा आकडा १२० पेक्षा कमी आणि खालचा ८० पेक्षा कमी असेल तर तो प्राकृत दाब होय. वरचा १२० ते १२९ आणि खालचा ८० पेक्षा कमी असेल तर तो ‘वाढू लागलेला’ समजावा. वरचा १३० किंवा खालचा ८० यांपैकी एक जरी गाठला गेला, आणि निरनिराळ्या तीन वेळी मोजूनही तसाच आढळला, तर त्यास उच्च रक्तदाब म्हणतात. १४०/९० किंवा त्याहून अधिक आकडा आल्यास आठवड्याच्या आत पुन्हा तपासणी व्हावी लागते.

१३ वर्षांखालील मुलांसाठी वय, लिंग व उंची यांची सविस्तर कोष्टके असतात व ती डॉक्टरांनी पाहावयाची असतात. परंतु ‘कोणाला पुन्हा तपासावे’ एवढेच ठरविण्यासाठी एक चाळणी आहे. ती अशी : १० वर्षांच्या मुलासाठी १०८/७२ व मुलीसाठी १०९/७२, ११ वर्षांच्या मुलासाठी ११०/७४ व मुलीसाठी १११/७४, १२ वर्षांच्या मुलासाठी ११३/७५ व मुलीसाठी ११४/७५. यांपैकी एकही आकडा गाठला गेला किंवा ओलांडला गेला तर कोष्टक पाहावे, इतकाच त्याचा अर्थ. ही चाळणी मुद्दाम बारीक ठेवलेली आहे. एखाद्या उंच मुलाचा दाब तिच्या वर जाऊनही तो निरोगी असू शकतो. म्हणून चाळणीत अडकलेले प्रत्येक मूल आजारी आहे, असे कोणी समजू नये.

शालेय वयातील मोजणीचे महत्त्व

अमेरिकेतील लुइझियाना राज्यात बोगालुसा नावाचे एक लहान गाव आहे. १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी डॉ. जेराल्ड बेरेनसन यांनी तेथील शाळकरी मुलांची उंची, वजन, रक्तदाब व रक्तातील चरबी मोजण्यास आरंभ केला आणि तीच मुले मोठी होईपर्यंत पुनःपुन्हा तपासली. त्यातून दोन गोष्टी दिसल्या. पहिली ही की, बालपणी ज्यांचा दाब बरोबरीच्या मुलांहून अधिक होता, त्यांतील पुष्कळांचा तो मोठेपणीही अधिकच राहिला. दुसरी ही की, अपघात इत्यादी कारणांनी लहान वयात मृत्यू पावलेल्यांच्या शवविच्छेदनात रोहिण्यांच्या आतील चरबीचे थर आढळले, आणि ज्यांचा रक्तदाब, वजन व रक्तातील चरबी अधिक होती त्यांच्यात ते थरही अधिक होते. प्रौढपणी दिसणाऱ्या हृदयविकाराचे बी शाळेच्या वयातच पेरले जाते, हे यावरून कळून आले.

पुण्याजवळचा अनुभव ग्रामीण शिक्षकांस अधिक जवळचा वाटेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व त्यांची मुले यांचा दीर्घ अभ्यास चालविला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यातील एका निबंधात या खेड्यांतील नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील बालकांशी केलेली आहे. आपल्याकडील बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर तेथील ३.५ किलो भरले. आपली बालके स्नायूंनी व अवयवांनी बरीच लहान होती; परंतु त्यांच्या अंगावरील चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. त्याच रुग्णालयात जन्मलेल्या आठ वर्षांच्या मुलांविषयीचा एक निबंध त्यापूर्वी १९९९ साली प्रसिद्ध झाला होता. सध्याचे वजन हिशेबात धरल्यावर, जन्मतः कमी वजन असलेल्यांचा वरचा रक्तदाब अधिक आढळला, असे त्यात नमूद आहे. जी मुले जन्मतः लहान होती आणि पुढे अंगाने भरली, त्यांची स्थिती सर्वांत काळजीची होती.

यातून शिक्षकाने घ्यावयाचा बोध असा की, मूल लठ्ठ नाही एवढ्यावरून निश्चिंत होऊ नये.

कोणती मुले हेरावीत

शिक्षकाजवळ रक्तदाबमापक यंत्र नसते. पण डॉक्टरांजवळ नसलेली एक गोष्ट त्याच्याजवळ असते, ती म्हणजे मुलाच्या घराची ओळख. तपासणी पथकाला एका दिवसात शेकडो मुले पाहावयाची असतात. शिक्षक तेच मूल वर्षातून दोनशे दिवस पाहतो. खालील गोष्टी आढळतील त्या मुलांची नावे त्याने वेगळी टिपून ठेवावीत.

(१) ज्या मुलाच्या आईला, वडिलांना, आजी-आजोबांना रक्तदाब आहे, किंवा घरात कोणाला कमी वयात अर्धांगवायू, हृदयविकाराचा झटका वा मूत्रपिंडाचा विकार झाला आहे. ही माहिती गावात सर्वांना ठाऊक असते. ती मुलाशी जोडून पाहण्याचे काम मात्र कोणी करीत नाही.

(२) जन्मतः वजन अडीच किलोपेक्षा कमी असलेली, किंवा दिवस पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेली मुले. ही नोंद माता व बाल संरक्षण कार्डावर असते. कार्ड हरवले असल्यास अंगणवाडी सेविकेस विचारावे.

(३) ज्यांचे वजन उंचीच्या मानाने अधिक आहे, किंवा गेल्या वर्षभरात एकदम वाढले आहे अशी मुले. यासाठी एक साधी रीत आहे. मुलाच्या उंचीएवढी दोरी घेऊन ती मधोमध दुमडावी. दुमडलेली दोरी बेंबीच्या पातळीवर कमरेभोवती पुरली नाही, म्हणजे कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून अधिक आहे, असे समजावे. हे माप एकांतात घ्यावे आणि मुलींचे माप शिक्षिकेनेच घ्यावे.

(४) पूर्वी मूत्रपिंडाचा विकार झालेली, लघवीच्या जागी वारंवार जंतुसंसर्ग होणारी, मधुमेह असलेली, किंवा जन्मजात हृदयविकार असलेली मुले. दीर्घकाळ स्टेरॉइड जातीची औषधे घेणाऱ्या मुलांचाही यात समावेश करावा.

(५) रात्री मोठ्याने घोरणारी, झोपेत श्वास अडखळणारी आणि वर्गात दिवसा पेंगणारी मुले. पेंगणाऱ्या मुलास आळशी ठरविण्यापूर्वी त्याच्या आईस झोपेविषयी अवश्य विचारावे.

(६) तंबाखू, मिश्री वा गुटखा यांची सवय लागलेली मुले. निकोटिनमुळे दाब तेवढ्यापुरता वाढतो आणि रक्तवाहिन्यांचे नुकसान होते.

यांपैकी एखादी गोष्ट असली म्हणजे मुलाचा दाब वाढलेला आहे, असे मुळीच नव्हे. त्याला आधी मोजावे, इतकेच त्यातून ठरते. तद्वतच यादीत नसलेल्या मुलाला मोजूच नये, असाही याचा अर्थ नाही. मोजणी सर्वांचीच व्हावी. यादीतील मुलांची मात्र चुकता कामा नये.

जेथे वाट पाहू नये

वाढलेला दाब बहुधा मुका असतो, असे वर म्हटले. परंतु एक प्रसंग असा आहे की, तेथे तो बोलतो आणि शिक्षकाने ते ऐकलेच पाहिजे. खेड्यांतील मुलांना पिकलेली खरूज, अंगावर पुवाचे फोड किंवा घसादुखी हे विकार वारंवार होतात. त्यांस कारण होणाऱ्या एका विशिष्ट जंतूमुळे काही मुलांत पुढे मूत्रपिंडांना सूज येते. घसा दुखल्यानंतर साधारण एक-दोन आठवड्यांनी, आणि त्वचेवरील फोडांनंतर तीन ते सहा आठवड्यांनी हा विकार दिसू लागतो. तोपर्यंत फोड वाळून गेलेले असतात आणि दोहोंचा संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही.

सकाळी मूल शाळेत येते तेव्हा त्याचे डोळे व चेहरा सुजलेला असतो. बरोबरीची मुले हसतात. ‘रात्री जास्त झोपला असेल’ असे म्हणून तो विषय संपतो. पण त्याची लघवी कमी झालेली असते आणि तिचा रंग कोऱ्या चहासारखा झालेला असतो. या विकारात रक्तदाब काही दिवसांतच पुष्कळ चढू शकतो. मग तीव्र डोकेदुखी, उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी, आणि क्वचित झटकेही येतात. अशा मुलास त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचविणे अवश्य आहे. वेळेवर उपचार मिळाल्यास यातील बहुतेक मुले पूर्ण बरी होतात. म्हणून सुजलेला चेहरा दिसताच शिक्षकाने मुलास बाजूला घेऊन तीन प्रश्न विचारावेत : लघवीचा रंग कसा आहे? डोके दुखते का? महिन्या-दीड महिन्यात अंगावर फोड किंवा घशाला त्रास झाला होता का?

मोजणी कशी व्हावी

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे झाला. या कार्यक्रमाखाली वैद्यकीय पथकाने अंगणवाडीस वर्षातून दोनदा व शाळेस वर्षातून एकदा भेट द्यावयाची असते. ही भेट म्हणजे शिक्षकाची मोठी संधी होय. पथक येण्यापूर्वी त्याने आपली यादी तयार ठेवावी आणि पथकातील डॉक्टरांना ती देऊन, या मुलांचा रक्तदाब अवश्य मोजावा, अशी विनंती करावी.

मोजणी प्रशिक्षित व्यक्तीनेच करावयाची आहे. पण ती बरोबर व्हावी यासाठीची व्यवस्था शिक्षकाच्या हाती असते. पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

मैदानावरून धावत आलेल्या मुलाला तडक यंत्रापुढे बसवू नये. लघवी करून आल्यावर त्यास निदान पाच मिनिटे शांत बसू द्यावे. पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, पाय एकमेकांवर न टाकलेले आणि उजवा हात टेबलावर हृदयाच्या पातळीवर ठेवलेला असावा. मोजताना मुलाने बोलू नये आणि इतर मुलांनी भोवती गर्दी करू नये. बाही घट्ट गुंडाळून दंडावर चढविण्यापेक्षा सदरा काढणे बरे. मुलींसाठी आडोसा असावा. परीक्षेच्या दिवशी मोजणी ठेवू नये.

पट्ट्याकडे विशेष लक्ष असावे. दंडाच्या मानाने पट्टा लहान असेल तर दाब खोटाच अधिक दिसतो आणि फार मोठा असेल तर खोटाच कमी दिसतो. पट्ट्यातील हवेच्या पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या किमान चार-दशांश असावी आणि तिची लांबी घेराच्या चार-पंचमांश ते पूर्ण घेराइतकी असावी. सडपातळ मुलासाठी लहान पट्टा आणि जाड दंडाच्या मुलासाठी मोठा पट्टा लागतो. पथकाजवळ योग्य पट्टा नसेल तर त्या मुलाची मोजणी आरोग्य केंद्रात करून घ्यावी. चुकीचा आकडा लिहून घेऊ नये.

पहिला आकडा अधिक आला तर थोडे थांबून पुन्हा मोजतात. डॉक्टर पाहूनच काही मुलांची छाती धडधडते व दाब चढतो. म्हणून एका दिवसाच्या मोजणीवरून कोणत्याही मुलाला रोगी ठरवीत नाहीत. पुढील तारखांना मुलाला आरोग्य केंद्रात नेले जाते की नाही, हे पाहणे हे शिक्षकाचे खरे काम. पुष्कळदा पहिली मोजणी होते, चिठ्ठी दिली जाते, ती दप्तरात चुरगळते आणि तेथेच सर्व थांबते.

मुलांत दाब खरोखर वाढलेला आढळल्यास डॉक्टर त्यामागे मूत्रपिंडाचा विकार, जन्मतः अरुंद असलेली महाधमनी किंवा अन्य काही कारण आहे का, ते तपासतात. मूल जितके लहान व दाब जितका अधिक, तितका असा शोध महत्त्वाचा ठरतो. मोठ्या मुलांत बहुधा वजन, आहार व घराण्याचा वारसा ही कारणे असतात, आणि तेथे आहार व खेळ यांनीच पुष्कळ साधते. औषधाचा निर्णय सर्वस्वी डॉक्टरांचा होय. घरातील आजोबांची गोळी नातवाला देणे हे अत्यंत धोक्याचे आहे, हे पालकांस स्पष्ट सांगावे.

पालकांशी बोलताना

चिठ्ठी पाठवून भागत नाही. घरी जाऊन बोलावे लागते. ‘तुमच्या मुलाला बीपी आहे’ असे वाक्य शिक्षकाच्या तोंडून कधीही जाऊ नये. त्याने घर घाबरते, किंवा रागावते आणि तपासणी राहते. बोलणे काहीसे असे असावे :

“भाऊ, पोराला काही झालेलं नाही. शाळेत सगळ्यांचाच दाब मोजला. याचा आकडा जरा वर आला, म्हणून आणखी दोनदा मोजायला सांगितलंय.”

“गुरुजी, पोरगं दिवसभर हुंदडतंय, दोन भाकरी खातंय. त्याला कसलं आलंय बीपी?”

“खरं आहे. पण अण्णांना अर्धांग झालं, त्याच्या आदल्या दिवसापर्यंत तेही औत हाकत होते. तेव्हा मोजलं असतं तर कळलं असतं. मोजायला पैसा लागत नाही. मंगळवारी बाजाराला जाल तेव्हा याला आरोग्य केंद्रात घेऊन चला. मी तिथल्या बाईंना सांगून ठेवतो.”

“आन् निघालंच काही, तर?”

“तर आत्ता निघालेलं बरं. या वयात ताटातलं मीठ नि रोजचा खेळ यांनीच पुष्कळ आटोक्यात येतं.”

यात भीती घातलेली नाही, खोटा दिलासाही दिलेला नाही. दिवस व ठिकाण मात्र ठरले आहे. त्याच भेटीत आईवडिलांनाही दाब मोजून घेण्यास सुचवावे. मुलाच्या निमित्ताने बापाचा वाढलेला दाब सापडला, तर तेही मोठेच काम होय.

यादी व आकडे यांची वही कुलुपात ठेवावी. कोणत्याही मुलाचा आकडा वर्गात वाचून दाखवू नये, त्याच्या शरीरयष्टीवरून कोणी नाव ठेवू नये आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय त्यास खेळातून वगळू नये. हेरणे हे मुलाच्या रक्षणासाठी आहे, त्यावर शिक्का मारण्यासाठी नव्हे.

शाळेने करावयाचे उपाय

पहिला उपाय मिठाचा. प्रौढ माणसाने दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही पुरता नव्हे. मुलांना त्याहूनही कमी पुरते. लोणचे, पापड, खारवलेली मासळी, फरसाण, वेफर्स व पाकिटातील नूडल्स यांतून मीठ नकळत पोटात जाते. शाळेतील पोषण आहाराची खिचडी बेताच्या मिठाची असावी आणि वाढताना मिठाची वाटी समोर ठेवू नये. मात्र जे मीठ वापरावयाचे ते आयोडिनयुक्तच असावे. सैंधवाने दाब वाढत नाही, हा समज चुकीचा आहे. त्यातही सोडियमच असते.

दुसरा उपाय खेळाचा. ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांस रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी. खो-खो, कबड्डी, लंगडी, आट्यापाट्या यांस पैसा लागत नाही. अभ्यासक्रम मागे पडला म्हणून शारीरिक शिक्षणाचा तास गणिताला देण्याची प्रथा सोडावी. सातवी-आठवीच्या मुली मैदानावर येईनाशा होतात. त्यांच्यासाठी मुद्दाम खेळ योजावेत.

तिसरा उपाय तंबाखूचा. २००३ च्या कायद्याने शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास मनाई आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय ठेवावा. शिक्षकाच्या खिशात पुडी असेल तर त्याचा उपदेश फुकट जातो, हे सांगणे न लगे.

वर्गपाठाचे टाचण (इयत्ता ६ वी ते ८ वी)

उद्देश : हृदयाचे कार्य व रक्तदाब यांची ओळख करून देणे, मीठ व खेळ यांचा त्याच्याशी असलेला संबंध समजावणे.

साहित्य : रबरी नळीचा तुकडा, पाण्याची बादली, सेकंदकाटा असलेले घड्याळ, खाद्यपदार्थांची रिकामी पाकिटे.

प्रयोग : प्रत्येक मुलाने मनगटावरील नाडी बसलेल्या स्थितीत एक मिनिट मोजावी. नंतर मैदानाला एक फेरी धावून यावे व पुन्हा मोजावी. पाच मिनिटांनी तिसऱ्यांदा मोजावी. तिन्ही आकडे फळ्यावर न लिहिता स्वतःच्या वहीत लिहावेत. नाडीचे ठोके व रक्तदाब या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे शिक्षकाने येथे स्पष्ट करावे. त्यानंतर प्रश्न विचारावा : धावल्याबरोबर दाब मोजला तर तो खरा मानता येईल का?

उदाहरण १ : पाच माणसांच्या घरात ३० दिवसांत १ किलो मीठ संपते. प्रत्येकी रोज किती? (१००० ÷ १५० = सुमारे ६.७ ग्रॅम.) यात विकतच्या फरसाणातील मीठ धरलेले नाही, हे मुलांच्या नजरेस आणावे.

उदाहरण २ : एका पाकिटावर दर १०० ग्रॅममध्ये ८०० मिलिग्रॅम सोडियम असे छापले आहे. पाकीट ३० ग्रॅमचे आहे. सोडियमच्या अडीचपट मीठ धरल्यास त्यात मीठ किती? (२४० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे ०.६ ग्रॅम मीठ.)

स्वाध्याय : आठवडाभर आपण खाल्लेल्या खारट पदार्थांची यादी करावी. घरातील मोठ्या माणसांस, ‘तुमचा रक्तदाब शेवटी केव्हा मोजला?’ असे विचारून यावे. उत्तर वर्गात सांगण्याची सक्ती करू नये.

समारोप

शिक्षकाने डॉक्टर व्हावे, अशी अपेक्षा नाही. रोग ओळखणे हे डॉक्टरांचे काम. कोणाला तपासावे हे सुचविणे व तपासणी पुरी होईपर्यंत पाठपुरावा करणे हे शिक्षकाचे. याकरिता पथकाच्या येत्या भेटीपूर्वी तीन गोष्टी करून ठेवाव्यात : हजेरीपटावरून एकेक नाव घेऊन वर दिलेल्या सहा मुद्द्यांची यादी करणे, अंगणवाडी सेविकेकडून जन्माच्या वजनाच्या नोंदी घेणे, आणि मोजणीसाठी एक शांत खोली, टेबल व पाठीची खुर्ची राखून ठेवणे. भेटीनंतर महिन्याने वही पुन्हा उघडावी आणि ज्यांना पुढील तारीख दिली होती त्यांपैकी किती जण गेले, हे पाहावे. जे गेले नसतील त्यांच्या घरी त्याच आठवड्यात जावे.